केझायाला दिवा नको

फियोना तुस्कानोच्या हाताला एक खोड होती, आणि ती तिने वारशातच घेतली होती. वसईला पापडीत तिच्या पप्पांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे आल्बम, पहिल्या कम्युनियनचे फोटो, स्थळांना दाखवायचे फोटो, सगळं तिथेच व्हायचं. गिऱ्हाईक खुर्चीवरून उठता उठता एकच सांगायचं, "जरा उजळ करा हं." न सांगितलं तरी पप्पा करायचेच. नवरी कशीही असो, आल्बममध्ये ती गोरीपान यायची, आणि सासर-माहेर दोन्ही खूश. आधी ब्रश होता, मग कॉम्प्युटर आला. खोड काही गेली नाही.

कॅनडात मिसिसागाला आली तरी धंदा तोच. घराच्या बेसमेंटमध्ये तिने कॉम्प्युटर मांडला आणि लग्नांचे आल्बम करायला घेतले. गोव्याच्या लोकांची लग्नं, पंजाब्यांची, तमिळांची, गयानावाल्यांची. देश बदलला, देव बदलले, पण "थोडं उजळ" हे मागणं काही बदललं नाही. शेवटी कंटाळून तिने कॉम्प्युटरला एक बटण शिकवून ठेवलं. ते दाबलं की पानावरचे सगळे चेहरे आपोआप उजळायचे. त्या बटणाला तिने 'नवरी' असं नाव दिलं होतं. पान झालं, नवरी दाबली, पान पाठवलं. जेवणाआधी माणूस क्रुसाची खूण करतो, ती काय विचार करून करतो? तसंच ते झालं होतं.

पुढे फोटोग्राफर मंडळी आपलं काम आपणच करायला लागली आणि आल्बम आटले. फियोना हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. कॉलेजात संध्याकाळचा कोर्स करून ती कॉमिक्समध्ये रंग भरायला लागली. हे काम असं चालतं: एक जण गोष्ट लिहितो, दुसरा ती शाईने काढतो, तिसरा रंग भरतो, आणि अगदी शेवटी अक्षरवाला येऊन संवाद आणि मजकूर वर चढवतो. फियोना तिसरी. टोरांटोच्या एका छोट्या प्रकाशनाने तिला मुलांची दोन-चार पुस्तकं दिली, सशांची नि बेडकांची. आणि मग या जानेवारीत एक स्क्रिप्ट आलं. नाव 'केझाया'. लेखिका व्हर्लीन बॉयड, राहणार विंडसर.

ग्रोसरीच्या पिशव्या रिकाम्या करता करता फियोनाने ते ओट्यावरच वाचायला घेतलं, आणि दूध बाहेर राहिलं ते राहिलंच.

केझाया ही विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यात काम करणारी काळी बाई. वय चाळिशीचं, दोन पोरं, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. हिवाळ्यात ती अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या डेट्रॉइट नदीवर पाऊल टाकते आणि पायाखालचं पाणी गोठतं. बस, एवढीच तिची शक्ती. पण त्या बर्फावरून चालत ती पलीकडे पोचते तेव्हा पलीकडे आजचं डेट्रॉइट नसतंच. तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा किनारा असतो, आणि गुलामगिरीतून पळालेली माणसं जीव मुठीत धरून झाडीत बसलेली असतात. केझाया त्यांना अलीकडे आणते, कॅनडात, आणि सकाळी पुन्हा कामाला जाते. तोंडावर मुखवटा नाही, पाठीवर फडफडणारा झगा नाही. अंगात कारखान्याचं जाडं जाकीट.

"देवा परमेश्वरा," फियोना रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. एवढ्या वर्षांत कॉमिक्समधले काळे हिरो तिने काही कमी पाहिले नव्हते. कोणी सूड घ्यायला निघालेला, कोणी विजा सोडणारा. ही बाई मात्र पलीकडच्या माणसांना घ्यायला जात होती, शाळेतून पोरांना आणायला जावं तशी. हे असं कोणी लिहू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

सगळं पुस्तक समोरासमोरच्या दोन पानांवर येऊन उभं राहत होतं. तिथे चित्र एकच, दोन्ही पानं भरून. त्याचं वर्णन व्हर्लीनबाईंनी असं केलं होतं: चंद्र नाही. पलीकडच्या काठावर पळालेल्यांना पकडायला आलेले शिकारी, हातात कंदील. केझाया आठ माणसांना घेऊन बर्फाच्या मधोमध. तिला दिवा नको, काळोख तिचाच आहे. आणि चित्राच्या वर छापायला सहा-सात ओळींचा मजकूर. त्यातली एक ओळ होती, 'रात्रीने त्यांचे चेहरे ओळखले, आणि कोणाला सांगितलं नाही.' फियोनाने ती ओळ रात्री जेवताना नवऱ्याला मराठीत करून सांगितली. जेराल्ड एअरपोर्टवर कार्गोत कामाला, त्याला कवितेचं वावडं. तोही घास हातात धरून थांबला.

फियोनाने जीव ओतून काम केलं. बर्फाला निळा, आभाळाला त्याहून गडद निळा, कंदिलांना केशरी. सगळं मनासारखं झालं. मग नवरी दाबली आणि पानं पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनबाईंचं उत्तर आलं. दोनच वाक्यं. बाई देखणी आहे. पण ही कोण?

फियोना हरखली. "देखणी आहे म्हणतात! बघ रे जेराल्ड, लेखिकेला आपलीच केझाया ओळखू आली नाही, इतकी छान झाली!"

जेराल्डने मान डोलावली. त्यांची मुलगी इझाबेला ऑफिसला जायच्या घाईत टोस्ट खात उभी होती. तिने आईच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट अ कॉम्प्लिमेंट."

"म्हणजे?"

"शो मी द पेज." इझाबेलाने पान पाहिलं. निळ्या-काळ्या रात्रीत नऊ चेहरे लख्ख चमकत होते, चहात दूध जास्त पडावं तशा रंगाचे. "शी लुक्स लाइक युवर ब्राइड्स. यू डू धिस टू एव्हरीवन, मॉम. यू डू इट टू मी."

इझाबेला रंगाने सावळी, चांगली सावळी. पोरगी दार ओढून निघून गेली. फियोनाने पुन्हा पान उघडलं आणि या वेळी तिला ते दिसलं. कपाळाला हात लावून ती तशीच बसली. बटण आपण दाबलं हेसुद्धा तिला आठवत नव्हतं.

फोन तिनेच केला. व्हर्लीनबाईंचा आवाज सत्तरीकडे झुकलेला, शांत, आणि शांत म्हणूनच जास्त झोंबणारा.

"फियोना, माझी केझाया लपलेली आहे," त्या म्हणाल्या. "कंदीलवाले तिला शोधताहेत. आणि तू तिच्या तोंडासमोर दिवा नेऊन धरलास. त्या काठावरून ती आता मैलभरावरून दिसेल. माझी आठही माणसं पकडली जातील."

फियोनाला वाटलं होतं बाई रंगाबद्दल बोलतील, अपमानाबद्दल बोलतील. बाई त्या माणसांच्या जिवाबद्दल बोलत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हॅमिल्टनचा एक पोरगा रंग द्यायला तयार आहे," बाई पुढे म्हणाल्या. "प्रकाशक म्हणतो त्याला देऊ या."

"मला एक संधी द्या."

"ते एकच चित्र कर. शुक्रवारपर्यंत. जमलं तर पुस्तक तुझं. नाही जमलं तर रागावू नकोस, मी पुस्तक त्याला देईन."

म्हटलं तर सोपं होतं. नवरी काढून टाकायची. फियोनाने काढली, बटण कॉम्प्युटरमधून कायमचं पुसलं. तर काय, चित्रात माणसंच उरली नाहीत. काळ्या रात्रीत काळे कपडे, काळे चेहरे, नुसता शाईचा डबा सांडलेला. थोडा रंग वर घेतला की चेहरे पुन्हा नवऱ्या व्हायचे. खाली घेतला की बुडायचे. केझाया दिसली पाहिजे, आणि दिसता तर कामा नये. मंगळवार असाच गेला.

"अमावास्येची रात्र, त्यात काळी बाई, आणि दिवा लावायचा नाही," जेराल्ड म्हणाला. "ही लेखिका आहे की सासू?"

"गप बस रे," फियोना म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं. "मला ते पुस्तक हवंय. पैशासाठी नाही रे. ती बाई माझ्या हातून गेली तर मी परत सशांना रंग देत बसेन जन्मभर. आणि ती तिथे बर्फावर उभी आहे."

जेराल्ड म्हणाला, "उद्या मला सुट्टी आहे. चल विंडसरला. नदी तरी बघून ये, बसल्या जागी काय कळणार?"

असा हा माणूस. तोंडाने वाकडं बोलेल, पण हिवाळ्यात साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकायला आधी तयार. बुधवारी सकाळी निघाली दोघं. वाटेत कॅनडातल्या लंडनच्या पुढे बर्फाची वावटळ लागली, ट्रक दिसेनात. गाडीला विंटर टायर होते म्हणून निभावलं, नाहीतर पुस्तक राहिलं असतं बाजूला.

व्हर्लीनबाई दारातच उभ्या होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. जेराल्डला त्यांनी चहा दिला, हॉकीची मॅच लावून दिली, म्हणजे तो तिथेच बसणार हे पक्कं झालं. मग फियोनासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मी लहान होते तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉमिक्स आणायची," त्या सांगू लागल्या. "आमच्यातला हिरो असला की पहिलं पान उलटायच्या आधी मला गोष्ट ठाऊक. तो तुरुंगातून येणार, नाहीतर गल्लीतल्या टोळीतून. नावातच 'काळा' असणार, आम्हाला दिसणार नाही म्हणून की काय! चोवीस तास रागावलेला. आणि बोलणार असं, की तसं बोलणारा माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत मी कधी ऐकला नाही. गोऱ्या हिरोला रडवायची वेळ आली की हा मरणार. पुढे चांगलं लिहिणारे आले, आमचेही आले. राजे आले, शास्त्रज्ञ आले. मी टाळ्या वाजवल्या गं, खोटं कशाला सांगू. पण मला राजा नको होता. मला माझी मावशी हवी होती. ती कारखान्यात सीटची कव्हरं शिवायची, आणि ती असली की आम्हा पोरांना कसली भीती वाटायची नाही."

"आधीचे लिहिणारे वाईट होते?" फियोनाने विचारलं.

"छे! बरेचसे चांगलेच. आम्ही लोकांना दिसावं अशीच त्यांची इच्छा. म्हणून जो आला तो आपला कंदील घेऊन आला. कोणाचा दयेचा, कोणाचा भीतीचा. आणि कंदील हातात धरला की माणसाला काय दिसतं, सांगू? कंदील." त्या उठल्या. "कोट घाल. अंधार पडतोय."

फियोनाला वाटलं नदी समोरच आहे. पण समोर पलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती पेटलेल्या, अलीकडेही दिवेच दिवे. व्हर्लीनबाईंनी आपल्या गाडीत तिला बसवलं आणि नदीकाठाने दक्षिणेला नेलं, गाव मागे पडेपर्यंत. पलीकडे एक बेट होतं, त्याच्यावर झाडं सोडून काही नाही. संध्याकाळचे सात वाजत आले असतील. बाईंनी गाडी थांबवली, दिवे घालवले आणि दोघी काठावर उतरल्या. थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. काठाजवळ नदी गोठलेली होती, वर ताजं हिम. पुढे पाणी होतं त्याचा आवाज तेवढा येत होता.

"हल्ली काठ तेवढा गोठतो," बाई म्हणाल्या. "पूर्वी घोडागाडी जायची म्हणतात. माझ्या पणजीची आई इथून आली, नऊ वर्षांची असताना. चालत."

फियोनाला काहीही दिसत नव्हतं. बाईंचा आवाज येत होता, बाई नव्हत्या. तिने खिशात हात घातला, फोनसाठी.

"दिवा नको," आवाज म्हणाला. "थांब. घाई कसली आहे तुला?"

मग फियोना उभी राहिली. मनात 'नमो मारिया'ची एक प्रार्थना म्हणून झाली, दुसरी झाली. पाय बधिर व्हायला लागले. आणि मग हळूहळू तिला कळलं, की जमिनीतून उजेड येतोय. वर आभाळ मिट्ट, पण खालचं हिम, ते बर्फ, स्वतःहून काहीतरी फिकं, निळसर सोडत होतं. अगदी थोडं, दुधाचं भांडं विसळल्यावर पाण्यात उरतं तेवढं. तिने मान वळवली आणि तिच्या शेजारी व्हर्लीनबाईंचा चेहरा होता.

पण कसा? जन्मभर तिने चेहऱ्यावर उजेड समोरून टाकला होता, वरून टाकला होता. हा खालून आलेला. हनुवटीच्या खालची कड, खालच्या ओठाची कड, नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांच्या खालच्या पापण्या, एवढंच नदीने उचलून धरलं होतं. आणि तो रंग! काळा म्हणून जो एक रंग फियोना डब्यातून काढायची तो तिथे कुठेच नव्हता. गालाच्या वळणावर पिकल्या जांभळाची साल होती, जबड्यापाशी गडद निळं, कानाजवळ कुठेतरी तांबं, आणि कपाळ तर रात्रीतच मिसळून गेलेलं. रात्र कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते, सांगता येऊ नये. पलीकडून कोणी पाहिलं असतं तर त्याला अंधारच दिसला असता. दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसालाच तो चेहरा मिळत होता.

चर्चमध्ये मिस्सेत घंटा वाजते आणि सगळे गुडघ्यांवर येतात, तेव्हा लहानपणी फियोनाला असंच व्हायचं. एवढी मोठी गोष्ट समोर आहे आणि आपण तिला बघू शकतो याचंच तिला भय वाटलं, आणि आनंदही झाला. इतकी वर्षं डोळ्यांचंच काम केलं, आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही दिसताय," ती कशीबशी म्हणाली.

"हो ना?" व्हर्लीनबाई हसल्या, तर त्यांचे दातही निळसर दिसले. "मला हेच लिहायचं होतं गं. नदी तिच्या बाजूची आहे."

गुरुवारी जेराल्ड कामाला गेला आणि फियोनाने बेसमेंटमध्ये खिडकीवर घोंगडी टांगली. डोळ्यांत पाहिलेलं होतं, पण हात विसरेल अशी भीती होती. संध्याकाळी इझाबेला ऑफिसातून आली तर आईने जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली आणि टेबलाचा दिवा चादरीकडे तोंड करून, वर रुमाल टाकून ठेवलेला.

"बस गं इथे, बाय. चादरीच्या कडेला."

"मॉम, व्हॉट इज धिस?"

"बस म्हणते ना."

इझाबेला बसली. फियोना तिच्यासमोर कॉम्प्युटर घेऊन बसली आणि पाहायला लागली. हनुवटी, ओठ, पापणी. मुलीच्या गळ्याजवळ सावळा रंग किती खोल जातो, आणि तिथून जबड्यावर येताना कसा गरम होतो. एकदा तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि बटण तिथे नव्हतंच. ती रंग उचलत गेली, लावत गेली, पुसत गेली. या पोरीचा चेहरा तिने हजार वेळा दुरुस्त केला होता. नुसता पाहिला होता का कधी?

"कॅन आय हॅव माय फोन?"

"नाही. त्याचा उजेड पडतो." मग फियोनाला राहवलं नाही. "किती सुंदर आहेस गं तू. मला दिसलंच नाही. मी मेली फोटो उजळत बसले."

चादरीच्या उजेडात इझाबेलाच्या खालच्या पापण्या ओल्या चमकल्या, आणि तोही रंग फियोनाने टिपला, आई असली तरी.

"ओके, मॉम," पोरगी म्हणाली. "डोन्ट मेक इट वियर्ड." पण उठली नाही. कंटाळून मान दुखेपर्यंत बसली.

शुक्रवारी फियोनाने पान पाठवलं आणि मग दिवसभर घरात नुसती फिरत राहिली. वरण करपलं. जेराल्डने निमूट खाल्लं.

शनिवारी सकाळी मेल आला. त्यात एक शब्द नाही. अक्षरवाल्याकडून पुढे पाठवलेली तेवढी ती दोन पानं. फियोनाने उघडली. रंग तिचेच होते, कोणी बोट लावलं नव्हतं. पण चित्राच्या वर मजकूर नव्हता. व्हर्लीनबाईंच्या त्या ओळी, ती रात्रीने चेहरे ओळखल्याची ओळ, सगळं गायब. जिथे अक्षरं यायची तिथे नुसता काळोख. झालं, फियोनाला वाटलं, बाईंनी आपलं लिखाण काढून घेतलं. या रंगांवर त्यांना आपले शब्द नकोत. तिने फोन लावला, नंबर दोनदा चुकला.

"मजकूर कुठे गेला?" तिने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"मी काढला," व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"माझं काय चुकलं?"

पलीकडून बाईंचा आवाज आला, तो नेहमीसारखा शांत नव्हता.

"काल पान उघडलं तेव्हा मला काहीसुद्धा दिसलं नाही. मी तुला दोन शिव्या घातल्या, आता सांगते. तरी बसून राहिले. मग एक हनुवटी दिसली. मग एका म्हाताऱ्याचा ओठ. मग केझाया. मग एकेक करत सगळे आले, फियोना, आठही जण, माझ्या टेबलापाशी. आणि ते शिकारी तिकडे आपले कंदील धरून उभे, त्यांना काही पत्ता नाही." बाईंनी श्वास घेतला. "त्या ओळी मी चार वर्षं घासल्या होत्या. माझ्या सगळ्या लिखाणात चांगल्या. पण काल त्या अक्षरवाल्याने वर चढवून दाखवल्या, आणि मला कळलं, की मीही कंदीलच धरून उभी होते. विझवला."

"पण त्या ओळी..." फियोना म्हणाली. "अहो, त्या किती सुंदर होत्या."

"तू वाचल्यास ना? मग झालं. पुढची पानं कधी देतेस?"

फोन ठेवून फियोना तिथेच खुर्चीत रडत बसली. जेराल्ड चहाचे कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरला, बायकोला पाहिलं आणि पायरीवरच थबकला.

"गेलं का काम?"

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि स्क्रीनकडे बोट केलं. जेराल्डने कप खाली ठेवले, चष्मा सारखा केला, वाकला. "हे? यात कुठे काय आहे? काळं तर आहे सगळं." त्याने खुर्ची ओढली आणि नाक स्क्रीनला लागेल इतका पुढे होऊन बसला. मग उठला, भिंतीपाशी गेला आणि दिवा बंद केला.

"मधे येतोय," तो म्हणाला, आणि परत येऊन बसला.

दोघं अंधारात बसली होती. चहा गार होत होता. बऱ्याच वेळाने जेराल्ड हळूच तिच्या कानाशी झुकला. बेसमेंटमध्ये तिसरं माणूस नव्हतं, तरी त्याने इतका आवाज खाली आणला, की शेजारी बसून तिला जेमतेम ऐकू आलं.

"अगो," तो म्हणाला, "तिच्या कडेवर पोर आहे."